सव्वा किलोची पिशवी

मित्रांनो, शाळेच्या शेवटच्या वर्गातले लोखंडी कपाट उघडले, की खालच्या खणात फाटक्या नकाशांमागे एक लाकडी तराजू दिसतो. तो मी. माझे पॉलिश केव्हाच उडाले आहे आणि उजव्या पारड्याची एक साखळी तुटल्यामुळे तिथे सुतळी बांधलेली आहे. तराजूच्या आयुष्यात फार काही घडत नाही. एक बाजू खाली जाते, दुसरी वर येते, झाले. तरी एका वर्षी जे घडले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून सांगतो.

मला घडवणारा सुतार फटकळ होता. त्याने जन्मभर दुकानदारांसाठी तराजू केले होते. शाळेसाठी तराजू हवा आहे असे कळल्यावर तो बायकोला म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक डोळे वटारून बघतं, तिथे मापात पाप करायला वाव नसतो. पोरं काय, दाखवाल ते खरं मानतात. हा जास्त सरळ व्हायला पाहिजे." माझे डावे पारडे केसभर जड होते. दुसऱ्या कुणी उजवीकडे पासंगाचा खडा बांधून भागवले असते. त्याने डावे पारडे खालून घासत घासत काटा मध्यावर आणला, आणि मगच मला हाताबाहेर जाऊ दिले.

शाळेत मला दुसरीच्या वर्गात खिडकीखालच्या टेबलावर जागा मिळाली. तिथल्या बाई उंच होत्या, आवाज मात्र हळू. त्या ओरडत नसत, त्यामुळे मुलांना गप्प बसून ऐकावे लागे. 'जड आणि हलके' हा धडा आला, की त्या माझ्या एका पारड्यात फुगवलेला फुगा ठेवत आणि दुसऱ्यात काचेची गोटी. गोटीचे पारडे खाली गेले की वर्गात गलका होई. त्या वर्षी वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणत. तो उभा राहिला.

"बाई, फुगा एवढा मोठा आहे. मग तो हलका कसा? हा अन्याय आहे."

"अन्याय नाही, हवा आहे," बाई म्हणाल्या.

मुले हसली. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. एका जागी कधी बसत नसे म्हणून तिचे नाव भिंगरी पडले होते, पण गेला आठवडाभर ती बाकाला चिकटल्यासारखी बसत होती. तिने विचारले, "बाई, तोळामासा म्हणजे किती?"

"कशाबद्दल विचारतेस?"

"आमच्या बाळाबद्दल. आजी म्हणते, त्याची प्रकृती तोळामासा आहे. आत्या म्हणते, मुठीएवढं आहे. पण कुणाच्या मुठीएवढं ते सांगत नाही. मला आत सोडत नाहीत. मोठ्यांनाच सोडतात."

भिंगरीचा भाऊ वेळेच्या फार आधी जन्मला होता. त्याला दवाखान्यात काचेच्या उबदार पेटीत ठेवले होते आणि आई त्याच्याजवळच राहत होती. घरात जो तो कुजबुजत असे आणि भिंगरी आली की विषय बदलत असे.

शाळा सुटल्यावर तिचे बाबा तिला न्यायला आले. ते शिंपी होते. घाईत आले होते, मोजपट्टी गळ्यातच राहिली होती. बाईंनी त्यांना वर्गात बोलावले आणि सरळ विचारले, "बाळाचं वजन किती आहे?"

त्यांनी आधी लेकीकडे पाहिले, मग खाली. "सव्वा किलो."

"तिला कळायला हवंय. एवढं म्हणजे किती, ते दाखवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. दाखवायचं असेल तर एक छोटी पिशवी शिवून द्याल?"

ते काही वेळ मोजपट्टीचे टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग "देतो," म्हणाले.

पिशवी पिवळ्या कापडाची होती, कुणाच्या तरी झबल्यातून उरलेल्या तुकड्याची. तोंडाला नाडी होती. बाईंनी माझ्या एका पारड्यात सव्वा किलोची वजने ठेवली, दुसऱ्यात पिशवी, आणि मुलांकडून चमच्या चमच्याने तिच्यात वाळू घालून घेतली. काटा मध्यावर आला तेव्हा बाईंनी नाडी आवळली आणि पिशवी भिंगरीच्या हातांत दिली. तिने ती कोपरात धरली, जसे बाळाला धरतात तशी.

"एवढंच?" वकील म्हणाला. मग त्याचे त्यालाच कसेतरी झाले असावे. तो म्हणाला, "माझं दप्तर याच्यापेक्षा जड आहे. ते मी उगाच वागवतो."

त्या दिवसापासून रोज सकाळी बाबा शाळेच्या दारात आदल्या संध्याकाळचे वजन सांगून जात आणि भिंगरी ते वर्गात आणी. वाढ झाली असेल तेवढी वाळू पिशवीत पडे. मुलांना ग्रॅम कळले, शंभर ग्रॅमची दहा वजने म्हणजे एक किलो हे कळले, आणि वीस ग्रॅम म्हणजे फक्त एवढीशी वाळू हेही कळले. गणितात कच्ची असलेली मुलेही वजने अचूक लावू लागली. बेरीज चुकली तर बाळ चुकेल, असे वकील त्यांना बजावत असे.

हेडसरांच्या कानावर हे गेले तेव्हा ते मधल्या सुट्टीत आले. माझ्याजवळ उभे राहून त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर या पिशवीचं काय करणार आहात?"

"माहीत नाही, सर."

"मग कशाला सुरू केलंत?"

"तिनं विचारलं. घरी कुणी सांगत नव्हतं."

हेडसरांनी पिशवी उचलून पाहिली, हळूच खाली ठेवली आणि ते निघून गेले. बंद करा असेही ते म्हणाले नाहीत, चालू ठेवा असेही नाही.

मग एका सकाळी भिंगरी एकटी आत आली नाही, बाबा तिला वर्गापर्यंत घेऊन आले. बाळाला ताप आला होता. दूध बंद करावे लागले होते. त्यांनी बाईंना नवे वजन सांगितले. ते कालच्यापेक्षा कमी होते.

बाईंनी वजने लावली. पिशवीचे पारडे खाली गेले, कारण पिशवीत कालची वाळू होती. बाईंनी चमचा घेतला.

"वाळू काढायची नाही!" भिंगरी ओरडली. ती धावत आली आणि तिने वजनांचे पारडे बोटाने दाबून धरले. दोन्ही पारडी एका पातळीत आली. "बघा! बरोबर आहे. सारखं आहे!"

मला हात नाहीत आणि तोंडही नाही. बोट ठेवले की मी झुकतो, मग ते बोट कुणाचेही असो. बाई तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

"बोट काढ गं."

"काढलं तर तो कमी होईल."

"तो दवाखान्यात आहे, राणी. इथे नाही. इथे फक्त आपल्याला कळतं."

"मग मला नको कळायला!"

तिने पिशवी उचलली, कपाटामागे फेकली आणि बाकावर जाऊन तोंड फिरवून बसली. बाईंनी त्या दिवशी वाळू काढली नाही. पिशवी उचलून तशीच टेबलावर ठेवली आणि कवितेचा तास घेतला.

पुढचे काही दिवस भिंगरी माझ्याकडे फिरकली नाही. बाबा दारात येत, बाईंशी दोन शब्द बोलत आणि जात. बाई वर्गाला काही सांगत नसत, पण मुले कधी त्यांचा चेहरा निरखत, कधी भिंगरीची पाठ. कुणीतरी पिशवीवर रुमाल पांघरला होता. तो कुणाचा, हे मला माहीत आहे, पण त्याने तेव्हा कुणाला सांगितले नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आणि मग एका सकाळी बाबा थेट आत आले. परवानगी घ्यायचेही त्यांना सुचले नाही. ते नुसते पिशवीकडे बोट दाखवत राहिले.

"ताप उतरला?" बाईंनी विचारले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "दूध... दूध घेतंय. वाढलंय. सव्वा किलोच्या वर गेलंय परत. थोडंसंच, पण वर."

भिंगरी उठली. तिने रुमाल बाजूला केला, पिशवी पारड्यात ठेवली, वजने स्वतः लावली. पिशवीचे पारडे अजूनही खाली होते. बाळाने उतरलेले सगळे वजन भरून काढले नव्हते आणि पिशवीत मात्र तापाच्या आदल्या दिवसाची वाळू होती. तिला ते कळले. ती माझ्या काट्याकडे बघत उभी राहिली.

बाईंनी चमचा पुढे केला नाही. बाबांनीही नाही.

"ही जास्त आहे," ती शेवटी म्हणाली. "एवढा तो अजून झाला नाही."

तिने नाडी सोडली, चिमटीने वाळू काढली आणि माझ्या शेजारच्या वाटीत टाकली. पुन्हा काढली. काटा हलला, थरथरला आणि मध्यावर थांबला. "आता बरोबर," ती बाबांना म्हणाली. "वाटीतली ठेवून देऊ. त्याला लागेल."

शिंप्याने तेव्हा खिडकीकडे तोंड केले. वर्गातल्या एकाही मुलाने तिकडे पाहिले नाही.

वाटीतली वाळू संपली, मग अंगणातून आणखी आणावी लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आई बाळाला घेऊन शाळेत आली. वकिलाने त्याला तराजूत ठेवायची सूचना केली, ती बाईंनी फेटाळली. माझी दांडी वाकली असती, शिवाय बाळ पाय झाडत होते. भिंगरीने त्याला कोपरात घेतले आणि म्हणाली, "पिशवी गप्प राहायची. हा राहतच नाही." त्यावर बाळाने तिच्या गणवेशावर दूध ओकले.

पिवळी पिशवी पुढे कितीतरी दिवस वर्गाचे दार अडवायला वापरत होते. नंतर ती कुठे गेली, मला ठाऊक नाही.

बाई निवृत्त झाल्या. नव्या शिक्षकांनी विजेवर चालणारा काटा आणला. तो उत्तम आहे, झटकन आकडा दाखवतो. मला कपाटात ठेवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साखळी तुटली ती ओल लागून. पावसाळ्यात छत गळत होते आणि वर्गात बरीच कामे माझ्यापेक्षा महत्त्वाची होती.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तू कपाटात ठेवाल तेव्हा त्या पुसून, कोरड्या करून ठेवा. तराजू असेल तर पारडी काढून बाजूला ठेवा, म्हणजे दांडीवर ताण येत नाही. आणि वर्गात कुणी धड्यात नसलेला प्रश्न विचारला, तर हसण्याआधी जरा थांबा. विचारणाऱ्याला कदाचित उत्तराची फार गरज असेल.