इंजिन खोलायचा कौल

साल दोन हजार बावीस, श्रावणाचे दिवस. आदल्या वर्षी महाडात पूर आला तेव्हा हैबतीची जीप मुरारीच्या गॅरेजात होती, ती टपापर्यंत बुडाली. मुरारी म्हणत होता, इंजिन पुरतं खोलू. पण नुसतं धुऊन, ऑइल बदलून चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मग हैबती कुणाचं ऐकतो? त्याने जीप उमरठच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत नेली आणि पोलादपूरच्या फेऱ्या सुरू केल्या.

वर्षभरात इंजिनातून टकटक यायला लागली, चढावर जास्तच. प्रयागबाई चुलीपाशी बसून त्या आवाजावरून नवरा कुठल्या वळणावर आलाय ते ओळखायची. सुनेला, तेजश्रीला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला. तिला आपल्याच गाडीतून पोचवतो, असं हैबतीने व्याह्यांना केव्हाच सांगून ठेवलं होतं.

प्रयागबाईने मागे लागून त्याला मुरारीकडे नेलं. मुरारीने लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला टेकवली.

“हैबती, बेरिंगं झिजलीत रे. पुराचा गाळ ऱ्हायला आत. खोलायला पायजे.”

“आन् गणपतीला मुंबैकर येतील त्यांना काय पाठीवर आणू?”

“निदान घाटात तरी नेऊ नको.”

“देवीला इचारतो,” हैबती म्हणाला.

लग्न असो, विहीर असो, वाडीत देवीला विचारल्याशिवाय कुणी हात घालत नसे. महादू गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

“आये, इंजिन खोलू का?” हैबतीने हात जोडून विचारलं.

डावी पडली. हैबतीचा चेहरा एकदम सैल झाला.

मागाहून प्रयागबाईने महादूला गाठलं. “भावजी, आनखी एक इचारा. ह्या गाडीत सुनेला बसवू का?”

“घरच्या पुरुषाला घेऊन या, वयनी. बायकांसाठी कौल लावीत नाय.”

ती तशीच परतली. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना.

तेजश्रीला न्यायला तिचा भाऊ विनीत आला. निघायच्या सकाळी हैबतीने जीप धुऊन, झेंडूचा हार घालून दारात उभी केली. प्रयागबाईने सुनेचा हात धरला.

“ती एस्टीनं जाईल.”

“दारात गाडी असताना? व्याही शेण घालतील माज्या तोंडात!”

“घालू देत. पोरगी पोचू दे.”

हैबतीने रागारागाने ट्रंक आणि बोचकी उचलून जीपच्या मागच्या सीटवर टाकली. सासू-सून आणि विनीत एसटीनेच पोलादपूरला आले. तिथून घाटाची एसटी निघाली आणि तिच्या मागे जीप. सून एसटीत आणि तिची लुगडी जीपमध्ये!

प्रयागबाई सुनेबरोबर मागच्या बाकावर बसली होती. धुक्यात जीपचे दोन दिवे वळणावळणाला दिसत होते. मग एका वळणावर दिसले नाहीत. पुढच्या वळणावरही नाहीत.

“कंडक्टर, गाडी थांबवा!”

सुनेला विनीतच्या हवाली करून ती पावसात उलटी चालत निघाली.

जीप डोंगराकडच्या गटारात गेली होती. इंजिनाची कूस फोडून आतला दांडा बाहेर आला होता आणि काळं ऑइल रस्त्यावरून वाहत होतं. हैबती मनगट धरून दगडावर बसला होता.

“चढावरच बंद पडली गो. मागं दरीकडं घरंगळाय लागली, तशी डोंगरावर घातली.”

तिने मागे जाऊन पाहिलं. जीपची पाठ कातळावर आपटून आत शिरली होती. मागच्या सीटवर ट्रंक पत्रावळीसारखी दुमडली होती. सून तिथेच बसली असती.

“देवी म्हनाली व्हती, खोलू नको,” हैबती पुटपुटला.

“तिला काय म्हाईत इंजिनातलं? ती पालखीत बसते.”

हैबती हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. ती त्याच्या शेजारी भिजत बसून राहिली.

मनगट वाकडंच जुळलं. हैबतीने पुन्हा गाडी घेतली नाही. तो आता पोलादपूरच्या स्टँडवर दुसऱ्यांच्या जीपमध्ये माणसं भरतो. मुरारीने गॅरेज पाण्यापासून वर, नाते गावाकडे हलवलं. झाल्या गोष्टीबद्दल तो हैबतीला कधी बोलला नाही. तेजश्रीला मुलगी झाली, अनुपमा. मायलेकी महाबळेश्वरहून येतात त्या एसटीनेच. महादू आता बायकांसाठीही कौल लावतो. प्रयागबाई मात्र परत काही विचारायला गेली नाही. खालून कुणाची गाडी चढ चढू लागली की भाकरी थापता थापता तिचा हात थांबतो, आणि गाडी वर येईपर्यंत थांबलेलाच असतो.