नळामागच्या निळ्या टाइल्स

पुणतांब्यात कल्याणने घराच्या गच्चीवर नवी टाकी चढवली आणि आठवडाही झाला नाही, तोच स्वयंपाकघराच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पातेलं भरेपर्यंत चहा पिऊन होई. अर्थात आधीच्या पातेल्यातला.

निदान करायला अख्खी गल्ली लोटली. "लायनीत हवा धरलीय," शेजारचे सहादेवतात्या म्हणाले. "टाकीला उंचीच न्हाई," आसाराम म्हणाला. कल्याण भिंत फोडायचा ब्रेकर भाड्याने घेऊन आला. पाइप भिंतीत चोंदलाय, हे त्याने ब्रेकर आणल्यावर ठरवलं.

त्या भिंतीवर त्याच्या बायकोने, ज्योतीने, राहात्याच्या चार दुकानांत भांडून निवडलेल्या निळ्या टाइल्स होत्या. तो रंग आता बंद झाला होता.

"अहो, थांबा! न्हाणीतला नळ बघितला का?"

"त्याला काय झालंय? धबाधबा हाय."

"टाकी तीच ना? मग उंची फकस्त माझ्याच नळाला कमी पडली व्हय? आन हवा बी इथंच धरली?"

तात्यांनी घसा खाकरून हवा मागे घेतली.

"मंग भिंतीतलाच पाइप!" कल्याण खुलला. ब्रेकर घुरघुरू लागला. बघे पुढे सरकले. ज्योती टाइल्सना पाठ लावून उभी राहिली.

"आधी नळाचं तोंड खोला. न्हाणीतल्या नळाला जाळी न्हाई, ह्याला हाय. एवढं बघा, मग खुशाल फोडा. माझ्यासकट."

आसारामने पकडीला फडकं गुंडाळून जाळी फिरवली. हलेना. पुन्हा जोर केला. जाळी सुटली आणि पाण्याचा लोट सिंकवर आपटून थेट तात्यांच्या सदऱ्यावर उडाला.

"आलं! आलं!" गल्ली ओरडली. तात्याही ओरडले, पण वेगळ्या कारणाने.

ज्योतीने जाळी तळहातावर आपटली. आतून पडले फुगलेले, हळदीने पिवळे झालेले तांदूळ.

दारातल्या रतनबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पदर सारखा केला.

"हिरीला पानी लागलं की ओटी भरत्यात. मंग टाकीला का न्हाई? खन-नारळ खाली आनला. तांदूळ तेवढं आत सोडलं."

कल्याणचा हात डोक्याकडे गेला. सकाळी आंघोळीनंतर केसांत एक तांदूळ सापडला होता. तो त्याने लग्नातल्या अक्षतांपैकी धरला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती.

"म्हंजे टाकीनं ओटी घेतली न्हाई म्हनायची," रतनबाई हिरमुसल्या.

"घेतली की, आत्या! बघा तरी कसं भरभरून देतीय!" ज्योतीने धुतलेली जाळी बसवून नळ पूर्ण सोडला. निळ्या टाइल्सवर तुषार उडाले. तिने पदराने एकेक टाइल पुसली.

कल्याण ब्रेकर धरून उभाच होता. "मंग आता ह्याचं काय करू?"

"तो ठेवा खाली, बादली घ्या. टाकीत अजून ओटी हाय, ती समद्यांनी मिळून काढायची."

हे ऐकताच गल्ली लोटली होती तशीच ओसरली. तात्या सगळ्यात पुढे होते. त्यांना सदरा वाळवायचा होता.