बिनधावपळीची भाऊबीज

यंदाच्या भाऊबीजेला कुमुदिनीबाईंनी कशालाही हात लावायचा नाही, असा घरात ठरावच झाला होता. मागच्या दिवाळीत चार दिवस कढईपुढे उभ्या राहिल्या आणि ऐन भाऊबीजेला ओट्यापाशी कोसळल्या. स्टेंट बसला. डॉक्टरांनी बजावलं, दगदग नको, टेन्शन तर मुळीच नको. मुलगा शंतनु आणि सून संहिता यांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. संहितानं व्हॉट्सअॅपवर यादीच टाकली: कढी-पुलाव शेजारच्या शैलजाकाकू, श्रीखंड बाहेरून, पोळ्या-भाजी संहिता, मावाबाटीची मिठाई देपालपूरहून बंडूमामा. आईंच्या नावापुढे लिहिलं होतं, फक्त बसणे.

तीस वर्षं शाळेत पोरांना जागेवर बसवण्यात घालवलेल्या बाईला आता हे बसवायला निघाले होते. बाईंना हसू आलं आणि रागही आला. पण त्यांनी सगळं मान्य केलं. एकच गोष्ट सोडली नाही. बंडूला ओवाळल्याशिवाय त्या भाऊबीजेचं अन्न तोंडात घालत नसत.

बंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ कृष्णराव. वय एकसष्ट, देपालपूरच्या मंडीत धान्याचा व्यापारी, पण ताईपुढे अजून बंडूच. बाईंच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत त्याची एकही भाऊबीज चुकलेली नव्हती. वाटेतलं हातोद गाव आलं की रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो फोन करायचा, "ताई, हातोद सोडलं, तवा ठेव!"

आज संध्याकाळचे सहा वाजले तरी तो फोन आला नव्हता. येणार कसा? दुपारी शंतनु "अपडेट करून देतो" म्हणून बाईंचा मोबाइल घेऊन गेला होता, तो त्याच्याच खिशात होता.

"अरे, अपडेट करतोयस की नवा बनवतोयस?"

"सर्वर स्लो आहे गं आई. तू टेन्शन नको घेऊ ना." हे तो भिंतीकडे बघून म्हणाला.

"मग तुझ्या फोनवरून लाव बंडूला."

"लावला होता ना. नेटवर्क नाहीये तिकडे."

तेवढ्यात शैलजा आणि तिचे यजमान रघुवीर पुलावाचं पातेलं घेऊन आले. शैलजा ही वर्गात शिकवल्यासारखी मोठ्यानं बोलणारी बाई. आज तिनं पातेलं ठेवलं, बाईंचा हात हातात घेतला आणि सोडायलाच तयार होईना. रघुवीर म्हणजे अख्ख्या स्नेहलतागंज मोहल्ल्याची खबर ठेवणारा माणूस. शेवेची वाटी समोर नसली तर जेवण अडवून धरणारा. आज शेव समोर होती. त्यानं ती हळूच बाजूला सारली आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला.

"रघुवीरभाऊजी, तब्येत बरी नाही का?"

"नाही नाही भाभी, एकदम बढिया," तो म्हणाला आणि उठून बाल्कनीत गेला.

बाहेर गल्लीत फटाके फुटत होते, समोरच्या घरांवर माळा लखलखत होत्या, आणि आपल्या उंबऱ्यावरच्या पणत्या तेल घालून तशाच ठेवलेल्या होत्या.

"संहिता, पणत्या लाव गं."

"लावते ना आई. पहिले तुम्ही दोन घास खाऊन घ्या. शुगर डाउन होईल ना."

"बंडू येऊ दे."

"कुमुद, ऐक माझं, थोडं तरी खा," शैलजा म्हणाली. तिचा आवाज घोगरा येत होता. खा म्हणून सांगण्याची ही तासाभरातली चौथी वेळ होती. एवढा आग्रह तर बाईंच्या लग्नातसुद्धा कुणी केला नव्हता.

मग संहिताला काय सुचलं कोण जाणे. खिडकीचा पडदा सारत ती म्हणाली, "आई, तो बघा, चंद्र दिसतोय. तुम्ही चंद्राला ओवाळून घ्या ना. मग जेवायला काही हरकत नाही."

शंतनुनं झटकन मान वर करून बायकोकडे पाहिलं.

बीजेच्या चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. भाऊ वाटेत अडकलेल्या नव्हेत.

"चंद्राला कशाला?" बाई म्हणाल्या. "बंडू येतोय ना?"

संहितानं पडदा परत ओढून घेतला.

बाईंना आठवला तो उज्जैनहून आलेला, सासूबाई गेल्याचा निरोप. तेव्हा बाईंचे यजमान हयात होते आणि ते पानावर बसणार तेवढ्यात तो आला होता. बाईंनी पदराला हात पुसले, त्यांना पोटभर वाढलं, आग्रह करकरून वाढलं, आणि हात धुतल्यावर मगच सांगितलं. वाईट बातमी उपाशी पोटी द्यायची नाही, कारण ती कळल्यावर घरात कुणी जेवत नाही. हे शंतनुला त्यांनीच शिकवलं होतं, आणि पोरगं गुणाचं, त्यानं ते नीट ध्यानात ठेवलं होतं.

म्हणजे त्या जेवत नव्हत्या तोवर कुणी काही बोलणार नव्हतं. त्या जेवत नव्हत्या तोवर बंडू हातोदच्या पलीकडे कुठेतरी होता, गाडीत होता, येतच होता. बाईंना वाटलं, असंच बसून राहावं. रात्रभर बसावं, उद्याही बसावं. बसायचंच तर काम दिलं होतं त्यांना.

मग त्यांनी शंतनुकडे नीट पाहिलं. डोळे सुजलेले, ओठ कोरडे पडलेले. याच मामाच्या जीपवर तो गाडी शिकला होता. दुपारपासून तो हे एकटा घेऊन फिरत होता आणि आईसमोर रडूही शकत नव्हता. बाईंना त्याची इतकी दया आली की स्वतःचं रडू त्यांनी गिळलं.

"पानं वाढ," त्या संहिताला म्हणाल्या. "सगळ्यांची. शंतनुचं आधी, तो दुपारपासून उपाशी आहे."

सगळे पानांवर बसले. बाईंनी घास घेतला. तो खाली उतरेना, म्हणून कढीबरोबर उतरवला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुणी मान वर करत नव्हतं, फक्त वाट्यांचे आवाज येत होते. शैलजाचे डोळे पानातच गळत होते आणि ती ते पुसत नव्हती. हळूहळू बाईंचं पान रिकामं झालं.

शंतनुनं हातातला घास खाली ठेवला. तो उठून आईजवळ आला, उकिडवा बसला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई..."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ताट संहिताकडे सरकवलं.

"अजून एक पोळी वाढ गं," त्या म्हणाल्या.