नझीहचा हात

"सांडली तर सांडू दे. कॉफी सांडली की बरकत येते," असं म्हणत नझीहने उजवा हात टेबलाखाली दडवला.

"गेले तीन रविवार नुसती बरकतच चाललीय, उस्ताद," हियाम टेबल पुसत म्हणाली. "एव्हाना आपण अख्खं बंदर विकत घेतलं असतं!"

तो हसला, पण हात टेबलाखालीच ठेवला. मिना बंदरावरच्या रेडिओ क्लबातला संदेश पाठवायचा व्हॉल्व्हचा जुना संच तोच चालवायचा. हियामसकट निम्म्या क्लबाला ठिपके-रेघांचा मोर्स कोड त्यानेच शिकवला होता, आणि ज्याचा हात अडखळेल त्याने खुर्ची सोडायची हा नियमही त्याचाच. क्लबातल्या बिचाऱ्या खलीलला त्याने भर सभेत खुर्चीवरून उठवलं होतं. तेव्हा केवढा तोरा! करावं तसं भरावं म्हणतात ते उगाच नाही. ही खुर्ची गेली तर रविवारी जायचं कुठे, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

व्हॉल्व्ह तापले. गरम धुळीचा वास सुटला.

"आज मी बसू का?" हियामने हळूच विचारलं.

"का? मी मेलो की काय?"

"मरोत तुमचे वैरी! बसा बाबा, पण जनरेटर बंद व्हायच्या आत उरका."

त्याने कानाला हेडफोन लावला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि लिमासोलच्या पानिकोसला हाक दिली. तीस वर्षांची दोस्ती, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. नझीह फक्त क्लबचं नाव पाठवायचा. पुढचं पानिकोस हातावरून, किल्ली दाबायच्या ढबीवरूनच, ओळखायचा. आज ठिपके एकमेकांत घुसले. एक अक्षर दोनदा चुकलं.

समुद्रापलीकडून प्रश्न आला : "कोण आहे? नझीह कुठाय?"

'अरे, मीच,' एवढं पाठवायला कितीसा वेळ लागला असता! मोर्सच्या किल्लीवर बोटं तशीच राहिली. मग किल्ली खडखडली : "नझीह आज आला नाही. मी नवा आहे."

मागे टेबल पुसणारं हियामचं फडकं थांबलं.

पानिकोसचं उत्तर आलं ते अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, नवशिक्याला पाठवतात तसं. "घाबरू नकोस. दमानं पाठव. तुझा उस्ताद चांगला आहे."

नझीहने पेन्सिल उचलली आणि ते सगळं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं.