दहा टाचण्यांचा रोखा

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यातली ही भोकं बघून हसू नका! मी एक जुना सरकारी रोखा, म्हणजे सरकारने लोकांकडून घेतलेल्या कर्जाचा कागद आहे, आणि ही दहा भोकं म्हणजे माझी पदकं आहेत. ती कशी मिळाली, ते ऐकाच!

छापखान्यातून आलो तेव्हा मी नवाकोरा, करकरीत होतो. कपडे शिवणाऱ्या एका मावशींनी मला विकत घेतलं. अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिवून त्यांचे डोळे शिणले होते. त्यांना मोठ्या खिडकीचा गाळा घ्यायचा होता.

"महागाईबरोबर गाळ्याचा भाव वाढेल, तसा हाही वाढेल," असं लेकीला सांगून त्यांनी मला रिळांच्या डब्यात ठेवलं.

आणि काय सांगू, मी खरंच वाढलो! बाजारात शंभराची वस्तू एकशे पाचाला झाली की माझं शंभराचं मुद्दलही एकशे पाच! दर सहा महिन्यांचं व्याजसुद्धा त्या वाढलेल्या मुद्दलावर. एका वर्षी भाव उतरले, तेव्हा मीही जरा आकसलो. पण मुदत संपताना मूळ रकमेपेक्षा कमी मिळणार नाही, हे वचन पक्कं होतं.

पहिल्या वर्षी मावशी कर भरून आल्या त्या तणतणतच.

"अगं, व्याजावर कर घेतला, ते ठीक. पण मुद्दल पाचाने वाढलं, त्यावरही आत्ताच कर! ते पाच माझ्या हातात पडणार दहा वर्षांनी!"

"मग विकून टाक ना," लेक म्हणाली.



"विकते कशाला? ती कराची पावती दे इकडे." मावशींनी टाचणी घेतली आणि पावती खच्चकन माझ्या पाठीमागे, कोपऱ्यात टोचली. मग दर वर्षी एक पावती, एक टाचणी. मी नुसता चरफडायचो!

दहा वर्षं सरली. शंभराचे एकशे साठ झाले होते! गाळ्याचा मालक संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. रोखे वटवण्याच्या कचेरीत कारकुनाने मला वरवर पाहिलं.

"साठ वाढलेत. त्या साठांवरचा कर कापून घेतो."

मावशींनी बोटांवर हिशेब केला. तेवढी रक्कम गेली, तर गाळा हातचा जाणार होता.

लेकीने झटकन मला उलटं केलं. "दर वर्षी भरलाय आम्ही. मोजा ना!"

कारकून एकेक टाचणी काढू लागला. सात... आठ... नऊ... मीही मनात मोजत होतो!

"दहा! सगळा कर भरलाय. पुन्हा लागणार नाही." त्याने पूर्ण रक्कम दिली आणि शिक्का मारून मला आठवण म्हणून परत केलं.

मित्रांनो, घरात कुणी जुनी पावती फेकायला निघालं, तर त्यांचा हात धरा. चिटोरं म्हणून तिला हिणवू नका. मीही त्या पावत्यांवर चिडायचो. आज मी गाळ्याच्या भिंतीवर आहे. इथे आलो त्या दिवशी मावशी खिडकीपाशी बसल्या, सुई उजेडात धरली, आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला!