सुराची घसरण

तीन मिनिटं चाळीस सेकंदांच्या त्या गाण्यात एकोणतीस श्वास होते. बावीस सरळ ऐकू येणारे, पाच चोरून घेतलेले आणि दोन असे, की ते गायिकेनेच घेतले की रेकॉर्डिंगवाल्याने मागाहून चिकटवले, याचा ताईला अजून पत्ता लागला नव्हता.

ताई कानांच्या तपासणी केंद्रात कामाला होती. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला बारीक बारीक होत जाणारा आवाज ऐकवायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. संध्याकाळी घरी आली की हेडफोन तिच्याच कानांवर चढत. त्या नावाजलेल्या पॉप गायिकेचं ते गाणं ती निम्म्या वेगाने लावायची आणि एकेक ओळ सोलून काढायची. शब्दाआधी सोडलेली हवा. वरच्या सुरावर मुद्दाम फोडलेला आवाज. ओळ संपताना ऐटीत घेतलेलं वळण. दोन वर्षं तिने हे घोटलं. मग त्यातलं थोडं टाकलं, थोडं वाकवून घेतलं, आणि आता हे माझं झालं, असं तिला वाटू लागलं.

धाकट्या भावाला तसं वाटत नव्हतं. "ताई, त्या बाईला सर्दी झाली ना, की शिंक तुला येते."

तिने ते हसण्यावारी नेलं असतं. पण ज्या बँडमध्ये तिला गायचं होतं, त्याच्या कीबोर्डवाल्यानेही तिचं गाणं ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, "झकास. पण तिच्यासारखं गायला ती आहेच की. शनिवारी तुझं काय ते घेऊन ये, नाहीतर मला दुसरी कोणी बघू दे."

तेही तिने पचवलं असतं. बाबांचं मात्र पचलं नाही. बाबांची दृष्टी गेल्याला चार वर्षं झाली होती. घरातलं माणूस ते पावलांवरून, खोकल्यावरून ओळखत. ताई आतल्या खोलीत गात होती आणि बाबा भावाला म्हणाले, "तो रेडिओ जरा बारीक कर रे."

म्हणून शुक्रवारी दुपारी तिने रीतसर चाचणी लावली. एकच ओळ, वाद्यांशिवाय, बारा तुकडे. सहा त्या गायिकेचे, पाच ताईचे आत्ताचे आणि एक चार वर्षांपूर्वीचा, नुसता तुलनेला, आई असताना स्वयंपाकघरात फोनवर घेतलेला. क्रम भावाने लावला. बाबांनी फक्त सांगायचं, ताई की ती बाई.

"ती बाई," बाबा म्हणाले. पुढच्यालाही, "तीच." त्याच्या पुढच्यालाही.

"बाबा, नीट ऐका ना."

"नीटच ऐकतोय. डोळे गेलेत माझे, कान नाही."

आठव्यापर्यंत तेच. नवव्याला बाबा खुर्चीत पुढे सरकले. "ही आमची ताई! शेवटी सूर कसा खाली टेकला बघ. दमलेलं माणूस पायरीवर टेकतं ना, तसा. तुझ्या आईचाही असाच टेकायचा."

"तो दोष होता, बाबा. मी काढून टाकला तो."

"असेल बाई. मला काय कळतंय गाण्यातलं." उरलेले तीन ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे बाकीचे अकरा तिचेच ना?"

भाऊ एरवी खो-खो हसला असता. तो खाली मान घालून पायाचं नख खरवडत बसला.

ताई आत गेली आणि दार लोटून घेतलं. तिने जुना तुकडा मोजला. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर शेवटच्या अक्षरावर आवाज त्यातले अडतीस भाग खाली आला होता. तिने माइक लावला, पाठ भिंतीला टेकवली आणि तीच ओळ गायली. सूर घसरला नाही. मुद्दाम घसरवून पाहिला, तर तो त्या बाईसारखाच ऐटीत वळला. हा नवा तुकडा तिने पुसला. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून गायली. बाहेर बाबा म्हणत होते, "अरे, रेडिओ चालू राहू दे. बरं वाटतंय."

मग मुद्दाम काहीच न करता ती दहा वेळा गायली आणि दर वेळची घसरण मोजली. सगळ्यात मोठी घसरण तीन भागांची होती.