बोर्डावरचं अक्षर

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दिनानाथ पेडणेकरांनी संपदाच्या दाराची बेल वाजवली. एका हाताला तिची मुलगी रेवा, दुसऱ्या हातात तिचं दप्तर. संपदाने दार उघडताच त्यांनी रेवाला आत सोडलं, दप्तर उंबऱ्याशी ठेवलं आणि खिशातून लाल रिबीन बांधलेली एक किल्ली काढली. किल्ली संपदाच्याच घराची होती. गेली तीन वर्षं ती त्यांच्या फ्रीजवरच्या वाटीत असायची.

"ही तुमची," ते म्हणाले. "सोमवारपासून रेवाची दुसरीकडे कुठे सोय होते का बघा."

तीन वर्षांत त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"काका, झालं काय?"

"खाली बोर्डावर वाचा. तुमच्याच अक्षरात आहे."

एवढं बोलून ते समोरच्या दारात शिरले. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

आता हा बोर्ड काय भानगड होती ते सांगायला हवं. मुंबईजवळच्या गोखिवऱ्याच्या वसुंधरा सोसायटीत दोन विंग, छत्तीस बिऱ्हाडं. दोन हजार चार सालची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आपल्या सोसायटीचाही ई-ग्रुप हवा. घरी कॉम्प्युटर मोजून पाच जणांकडे, पण मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बहुतेकांना ऑफिसात ईमेल होतं. मग गेट कधी रंगवायचं, गणपतीत कोण काय करणार, सगळं तिथे बोललं जाऊ लागलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, वाचताना जीभ अडखळावी अशी. ग्रुप सांभाळायचं काम संपदाकडे आलं, कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

आणि ज्यांना ईमेल नव्हतं, ती म्हातारी माणसं? त्यांनी काय करायचं? हा प्रश्न दिनानाथांनीच काढला होता. तेव्हापासून संपदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवरच्या मेल नीट देवनागरीत, स्वतःच्या हाताने उतरवून काढायची आणि संध्याकाळी जिन्यापाशी काचेच्या बोर्डात लावायची. तिचं अक्षर सुरेख. शाळेत फळ्यावरचा सुविचार नेहमी तिनेच लिहिलेला. रेघांचे कागद आणि निळं शाईपेन दिनानाथांनी स्वतः आणून दिलं होतं. रोज संध्याकाळी चष्मा पुसून ते बोर्डासमोर उभे राहायचे आणि वाचून झालं की म्हणायचे, "मजकूर असातसाच आहे, पण अक्षर बघत राहावं."

संपदा ए विंगची, दिनानाथ आणि सरोजिनीकाकूही ए विंगचे, दारासमोर दार. संपदाचा नवरा उमंग महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. सात वर्षांची रेवा साडेबाराला शाळेतून यायची ती पेडणेकरांकडे. जेवण तिथे, झोप तिथे, पाढे तिथे. या दोघांच्या जिवावर संपदाची नोकरी चालली होती, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

ती चपला न घालताच खाली गेली. बोर्डात तिने बुधवारी रात्री लावलेला कागद होता. ट्यूबलाइटखाली उभं राहून तिने स्वतःचं अक्षर वाचायला घेतलं.

'मंगळवारी बी विंगला पाण्याचा थेंब आला नाही. ए विंगच्या टाक्या मात्र तुडुंब. व्हॉल्व्ह ज्यांच्या हातात आहे ते पाणीचोर आहेत. म्हातारपणी लाज सोडली की माणूस असाच वागतो.' पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'बी विंगचा आवाज'. त्याखाली आणखी चौघांच्या ओळी. कुणी लिहिलं होतं, सोसायटी यांच्या बापाची आहे का. कुणी लिहिलं होतं, यांचे लाडके कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळं कसं वळणदार. वेलांटी सारख्या मापाची, काना सरळ. 'पाणीचोर' शब्दाखाली मुळात रेघ होती, म्हणून तिनेही पट्टी लावून रेघ मारली होती. ही बाई बँकेत चेक तपासायची, तिथे एक आकडा इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. पण इथे चाळीस ओळी उतरवल्या आणि वाचल्या एकही नाहीत. नियम तिचाच होता: जे आलं ते जसंच्या तसं, आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. नियम पाळला की डोकं वापरायची गरज उरत नाही, असा पुष्कळ शहाण्या माणसांचा समज असतो, तसा तिचाही होता.

ती वर आली आणि पेडणेकरांची बेल वाजवली. सरोजिनीकाकूंनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत.

"काकू, ते मी नाही लिहिलं. मी फक्त उतरवलं."

"ते कळतं गं आम्हाला." काकूंचा आवाज खाली होता. "शब्द दुसऱ्याचे असतील. पण ह्यांनी तिथे उभं राहून वाचलं ना, तर ह्यांना तुझाच आवाज ऐकू आला. आणि मला एक सांग, मंगळवारी आम्ही कुठे होतो, हे दुसऱ्या कुणाला नाही, तरी तुला ठाऊक होतं ना?"

संपदाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

मंगळवार. सोसायटीत टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडायचं. दिनानाथ रोज साडेचारला ए विंगचा व्हॉल्व्ह उघडायचे, सव्वापाचला तो बंद करून बी विंगचा. मंगळवारी साडेचारनंतर काकूंचा ऑफिसात फोन आला होता: रेवा तापाने फणफणलीय, हे तिला उचलून नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेतायत, तू घाबरू नकोस. साडेसातपर्यंत ती तिघं दवाखान्यात होती. ए विंगचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तो राहिलाच, आणि ते परत येईपर्यंत खालची टाकी रिकामी झाली. बी विंगला पाणी गेलं नाही, कारण तिची मुलगी आजारी होती. आणि बुधवारी दुपारी ती पट्टी लावून 'पाणीचोर'खाली रेघ मारत होती, तेव्हा रेवा याच घरात झोपली होती आणि काकू तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होत्या.

"मग काकांनी सांगितलं का नाही कुणाला?"

"त्यांना विचार," काकू म्हणाल्या आणि दार लावलं.

शुक्रवारी रेवाला त्यांच्याकडे सोडायला मन धजेना, म्हणून संपदाने रजा टाकली. शुक्रवारीच दिनानाथांनी पंपाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवली आणि यापुढे पाण्याचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं. संध्याकाळी व्हॉल्व्ह कुणी कधी उघडायचा यावरून जिन्यात दोन्ही विंगची अशी जुंपली की मधल्या मजल्यावर कुणाची तरी बादली सांडली, आणि ज्या पाण्यासाठी भांडत होते तेच पायऱ्यांवरून वाहत खाली गेलं. ग्रुपवर एका दिवसात एकोणतीस मेल आल्या. शनिवारी नाक्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात बसून तिने त्या वाचल्या. या वेळी एकेक शब्द वाचला. समोरासमोर 'काय हो, बरं आहे ना' म्हणणारी माणसं पडद्याआड काय काय लिहीत होती! एकाने तर पेडणेकरांना घरात घुसून जाब विचारायची भाषा केली होती.

तिने एकच मेल लिहिली आणि घरी येऊन बुधवारच्या कागदाच्या जागी तोच मजकूर बोर्डात लावला. 'आजपासून मी कुणाची मेल उतरवणार नाही. रविवारी अकरा वाजता बोर्डापाशी टेबल, कागद आणि पेन ठेवते. ज्याला आपला मजकूर बोर्डावर हवा त्याने खाली यावं, आपल्या हाताने लिहावा आणि खाली नाव व घर नंबर घालावा. जो मजकूर असा लिहिणं जमणार नाही तो ग्रुपवरूनही मी काढून टाकेन. ज्यांना मान्य नसेल त्यांनी ग्रुप सांभाळायला दुसरी व्यक्ती शोधावी.'

रविवारी पावणेअकरापासून माणसं जमायला लागली. लिहायला कुणी नाही, बघायला सगळे. जिन्याच्या पायऱ्यांवर, कठड्याला टेकून, हाताची घडी घालून. टेबलावर रेघांचे कागद आणि तेच निळं पेन. ज्यांनी एकोणतीस मेल ठोकल्या होत्या त्यांच्यातला एकही जण पेनाकडे बघेना. सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, हे काही बरोबर दिसत नाही. लोकांना उगाच शाळेत उभं केल्यासारखं."

"मग पहिली मी लिहिते," संपदा म्हणाली.

तिने खुर्ची ओढली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं अक्षर वाकडं आलं. 'मंगळवारी दुपारी माझी मुलगी रेवा हिला एकशेतीन ताप होता. पेडणेकर काका-काकू तिला घेऊन दवाखान्यात गेले, म्हणून बी विंगचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला. हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना चोर म्हणणारा मजकूर मी न वाचता माझ्या हाताने लिहून इथे लावला. मला लाज वाटते. संपदा केळुसकर, ए-२०३.'

तिने तो बोर्डात लावला. लोक पुढे सरकून वाचू लागले. मागून कुणी तरी पुटपुटलं, "हे आधी सांगायचं ना मग."

गर्दीतून सिद्धेश राऊत पुढे आला. बी विंग, तिसरा मजला. जवळच्याच होळी नावाच्या गावचा मुलगा, तिशीचा, लग्नानंतर वाडी सोडून इथे फ्लॅट घेतलेला. मागे त्याची बायको उन्नती, कडेवर चार महिन्यांचं बाळ. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली होती, ती त्याने सोडवली.

"ती पहिली मेल माझी," तो म्हणाला. "बी विंगचा आवाज म्हणजे मीच."

संपदाला वाटलं, आता हा ओरडेल नाहीतर रडेल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही.

"आमच्या वाडीत विहीर आहे. कितीही लोक आले तरी पाणी आटलं नाही कधी. आणि इथे मंगळवारी बाळाचे कपडे धुवायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं. रात्री स्कूटरवर होळीहून दोन कॅन आणले मी. बाबांनी विचारलं, हेच का तुझं फ्लॅटचं सुख? डोकं फिरलं. ऑफिसात गेलो आणि लिहिलं."

"मग आता इथे लिही," संपदा म्हणाली. "तेच लिहायचं असेल तर तेच. मी अडवणार नाही."

तो बसला. पेन उचललं. 'मंगळवारी बी विंगला पाणी आलं नाही' इथवर सरळ लिहून गेला. मग पेन थांबलं. वरून, पहिल्या मजल्याच्या वळणावरून, दिनानाथ उभे राहून बघत होते. कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं. धुतलेला सदरा, हातात चष्मा. सिद्धेशने मान वर केली, त्यांना पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे बघू लागला. जे शब्द ऑफिसात बसून अर्ध्या मिनिटात बोटांतून गेले होते, ते त्या माणसाच्या देखत हातून उतरेनात.

शेवटी त्याने लिहिलं: 'घरात लहान बाळ आहे, खूप हाल झाले. कारण कळलं असतं तर बरं झालं असतं. मी फार वाईट शब्द लिहिले, ते परत घेतो. सिद्धेश राऊत, बी-३०२.'

दिनानाथ खाली आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी चष्मा पुसला, आधी सिद्धेशचा कागद वाचला, मग संपदाचा. मग त्यांनी बोर्डाची काच सरकवली, संपदाचा कागद काढला, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला.

"काका, तो राहू द्या," संपदा म्हणाली. "खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून काय पोरीचं नाव बोर्डावर टांगायचं? उद्या शेजारची मुलं तिला म्हणतील, तुझ्यामुळे पाणी गेलं. म्हणून तर बोललो नव्हतो." त्यांनी उभ्याउभ्याच पेन उचललं आणि सिद्धेशच्या ओळींखाली लिहिलं:

'मंगळवारी व्हॉल्व्ह फिरवायचा माझ्याकडून राहिला. जाताना कुणाला तरी निरोप द्यायला हवा होता, तो दिला नाही. चूक माझी. दि. पेडणेकर, ए-२०४.'

अक्षर म्हातारं, हेलकावे खाणारं. पण जिन्यातल्या प्रत्येकाने ते वाचलं, आणि एकेक जण वर निघून गेला. त्या मेल लिहिणाऱ्यांपैकी एकानेही दुसरा कागद मागितला नाही.

"चल," दिनानाथ सिद्धेशला म्हणाले. "सेक्रेटरींकडून किल्ली घेऊ, पंपाची खोली दाखवतो. व्हॉल्व्ह दोघांना माहीत असलेला बरा. माझं काय, आज आहे उद्या नाही."

सिद्धेश त्यांच्या मागोमाग गेला. संपदा टेबल आवरू लागली. पेनाला टोपण लावताना तिला रडू फुटलं, आणि ते कुणी बघायच्या आत पुसावं म्हणून ती भिंतीकडे वळली. मागे पावलं थांबली. दिनानाथ पंपाच्या दारापासून परत आले होते.

"एक सांगतो," ते म्हणाले. "राग गेलाय असं समजू नकोस. वेळ लागेल."

"हो काका."

"आणि पुन्हा कधी काही उतरवलंस, तर आधी वाचत जा."

तिने मान हलवली. त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे. उद्या तिची शाळा साडेबारालाच सुटते ना?"